घासलेलं कपाट

सासूबाई गेल्या, घर सोडायचं ठरलं, आणि आमच्यात प्रत्येकाला अचानक जुनं फर्निचर कळायला लागलं.

धाकटे भाऊजी, म्हणजे माझे दीर, दूरच्या शहरात राहतात. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. सासूबाईंच्या आजारपणात औषधं कुठली द्यायची, उशी किती उंच ठेवायची, सगळं ते फोनवरून सांगायचे. आता फोन आला तो असा, "वहिनी, बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्यांना हात लावू नका. त्या राजवाड्यातून आल्यात."

नणंदेला घरात बेबी म्हणतात. पन्नाशी उलटली तरी बेबीच. ती म्हणाली, "आरशाचं टेबल आईने मला कबूल केलं होतं." कधी केलं होतं, ते विचारायला आई राहिली नव्हती.

आमचे हे काहीच म्हणाले नाहीत. ह्यांचं काहीच न म्हणणं हे एक वेगळंच प्रकरण आहे. मी त्याच्याशीच संसार केलाय म्हणा ना.

मला त्या घरातली एकच वस्तू हवी होती, जेवणघरातलं कपाट. वर काचेची दारं, मधे दोन खण, खाली लाकडी दारं आणि माथ्यावर वेलीची नक्षी. माणसापेक्षा उंच, आणि हलवायचं म्हटलं तर चार जणांचं काम. का हवं होतं, ते पुढे सांगते. पण हवं होतं ते मनापासून, आणि मी ते कोणाजवळ बोलले नव्हते. आमच्याकडे हवं म्हटलेली वस्तू कधी मिळाल्याचं मला आठवत नाही.

भाऊजीही येऊन पोचले, आणि भांडण नको म्हणून बेबीनेच तोडगा काढला. जुन्या सामानाचा एखादा जाणकार बोलवायचा. त्याने प्रत्येक वस्तू ओळखायची आणि किंमत सांगायची. मग तिघा भावंडांनी वयाने पाळीपाळीने एकेक वस्तू उचलायची. आधी थोरला, मग धाकटा, मग बेबी, आणि पुन्हा पहिल्यापासून. ज्याने जे उचललं ते त्याचं, मग विको नाहीतर उरावर घेवो. किमतीतला फरक कोणी कोणाकडे मागायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिला नंबर आमचा होता, आणि हे भाऊजींना डाचत होतं, ते त्यांच्या मान डोलावण्यावरूनच कळलं.

जाणकार आले. मी त्यांना मनातल्या मनात पारखी म्हणायला लागले. बारीक अंगाचे, खिशात छोटा टॉर्च, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. चहा नको म्हणाले, पाणीही नको म्हणाले, आणि सरळ खुर्च्यांच्या मागे जाऊन उकिडवे बसले.

"पुढून बघा की," भाऊजी म्हणाले. "नक्षी पुढे आहे."

"पुढून सगळ्याच वस्तू चांगल्या दिसतात," पारखी म्हणाले. "करणाऱ्याने मागे काय केलंय, ते बघायचं असतं."

मला माणूस एकदम आवडला. मी भाऊजींकडे बघितलं, पण त्यांना ते लागलं नाही.

पारख्यांनी एक खुर्ची उलटी केली. बैठकीखाली बोट फिरवलं, स्क्रू बघितले, पायाचा जोड बघितला आणि खुर्ची पुन्हा सरळ ठेवली. "ह्या तुमच्या वडिलांपेक्षा वयाने लहान आहेत. कारखान्यात एका साच्यातून निघालेल्या. स्क्रूसुद्धा सगळे एकसारखे, यंत्राचे."

"शक्यच नाही," भाऊजी म्हणाले. "आम्हाला आयुष्यात कधी ह्यांच्यावर बसू दिलं नाही!"

"म्हणून तर टिकल्या."

बेबी फिस्सकन हसली. मग तिच्या आरशाच्या टेबलाची पाळी आली तेव्हा तिचं हसू आटलं. आतलं लाकूड साधं, खोक्याचं. वर चांगल्या लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा चिकटवलेला, आणि तोही एका कोपऱ्यात फुगलेला. आरसा मागाहून बसवलेला. पारख्यांनी आकडा सांगितला तेव्हा बेबीने नुसतं "इतकाच?" म्हटलं. आपल्या आईने आपल्याला नक्की काय कबूल केलं होतं, ह्याचा ती विचार करत असावी.

मग ते आपणहून अडगळीच्या खोलीत शिरले. तिथे एक गोल टेबल होतं, मधे एकच पाय, वरची फळी उभी करून भिंतीला लावता येणारं. त्याच्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर कांदे. पारख्यांनी कांदे स्वतःच्या हातांनी एका कडेला सरकवले, प्लास्टिकचं एक टोक उचललं आणि धुळीवरून एक बोट ओढलं. मग खाली गुडघ्यांवर बसून टॉर्च मारला. बराच वेळ त्यांचा आवाज नाही. मला वाटलं, चक्करबिक्कर आली की काय.

"ह्याला कोणी पॉलिश वगैरे नाही ना केलं?" त्यांनी खालूनच विचारलं.

"पॉलिश कशाला करतोय," मी म्हटलं. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते असंच पडलंय."

"फार छान," पारखी म्हणाले. कांद्याच्या टेबलाचं असं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकत होते. पूर्वीच्या चांगल्या कारागिराच्या हातचं, मूळचा थर जसाच्या तसा, वर्षानुवर्षांनी आलेला रंग कुठे खरवडलेला नाही. त्यांनी आकडा सांगितला. भाऊजी मटकन राजवाड्यातल्या खुर्चीवर बसले, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या टेबलाच्या पैशांत आमच्या नव्या घरातलं स्वयंपाकघर उभं राहिलं असतं. ओटा, कपाटं, टाइल्स, सगळंच. ह्यांच्या डोळ्यांत मला टाइल्ससुद्धा दिसल्या.

शेवटी जेवणघर. पारख्यांनी कपाटाशेजारी टॉर्च धरला आणि ते भिंतीच्या फटीतून मागे बघायला लागले. "मागच्या फळ्या हातकरवतीच्या. ओरखडे तिरके आहेत, एकासारखा दुसरा नाही." त्यांनी खण बाहेर काढला, उलटा केला, नाकाजवळ नेऊन वास घेतला. कोपऱ्यात खाचेत खाच बसवून केलेला जोड होता, तो त्यांनी नखाने मोजला. "प्रत्येक खाच थोडी वेगळी. यंत्राला इतकं छान चुकता येत नाही. कुलूप मूळचं, बिजागऱ्याही मूळच्याच." त्यांचा आवाज चढत चालला होता. "टेबलाचाच कारागीर असेल, निदान त्याच्या हाताखालचा. हे जर पुढून तसंच असेल, तर टेबल त्याच्यापुढे काहीच नाही."

"मी आधीपासून म्हणत होतो," भाऊजी उठून उभे राहिले. ते आधीपासून खुर्च्या म्हणत होते, पण ते असो.

पुढून ते तसंच नाही, हे मला मात्र माहीत होतं.

पारखी पुढे आले. त्यांनी दारावरून तळवा फिरवला आणि हात थांबला. टॉर्च आडवा धरून त्यांनी लाकडाच्या अंगालगत उजेड टाकला. वेलीच्या नक्षीवरून अंगठा फिरवला. तोंडावरचा सगळा रंग उतरला.

"हे कोणी घासलं?"

"मी," मी म्हटलं.

ती गोष्ट सांगायलाच हवी. बेबीचं लग्न ठरत होतं आणि तिच्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी यायची होती. तेव्हा हे कपाट काळंकुट्ट होतं. स्टोव्हची काजळी, तेलकट वाफ आणि कोणी कोणी चोपडलेलं व्हार्निश ह्यांचा असा काही चिकट थर बसला होता, की जवळून गेलं तर पदर चिकटायचा. सासूबाई म्हणाल्या, "त्या धुडावर एखादी चादर टाका." मी त्या घरात नवी होते. कपाटाच्या किल्ल्या सासूबाईंच्या कमरेला असायच्या, आणि मला त्या घरात स्वतःची म्हणावी अशी वस्तू म्हणजे एक सूटकेस. पण मला चादर टाकायचं पटेना. घाण झाकायची कशाला, काढायची.

मी हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि काचकागद मागितला. दुकानदार म्हणाला, "सुताराला पाठवा, त्याला बरोबर कळेल कुठला हवा ते." म्हटलं, सुतार तुमच्यासमोरच उभाय. घरी येऊन पदर खोचला आणि घासायला लागले. बोटांची सालं निघाली, नाकात काळी धूळ गेली, दोनदा वाटलं की हे आपण काय आरंभलंय. आणि मग एका दुपारी खालच्या दारावर आतलं लाकूड दिसलं. लालसर, त्यात गडद रेघा, जणू आत कोणीतरी जागंच होतं. मी तिथेच फरशीवर बसून रडले होते. आनंदाने, हो, आनंदानेच. त्या घरात मी काहीतरी उजेडात आणलं होतं.

तेल लावून पुसलं तेव्हा सासूबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "बरं झालं." बाईंनी मला त्यापूर्वी कधी बरं म्हटलं नव्हतं, आणि त्यानंतरही फारसं नाही. म्हणून मला ते कपाट हवं होतं. त्या घरात माझ्या हाताची खूण तेवढी एकच.

आता पारखी समजावून सांगत होते. मूळचा थर गेला, नक्षीची धार गेली, कडा गोल झाल्या. जुन्या वस्तूचं वय तिच्या अंगावर असतं, ते एकदा खरवडलं की परत येत नाही. वाईट वाटून बोलत होते बिचारे, त्यांचा राग येईना.

"मग आता किंमत?" भाऊजींनी विचारलं.

"वापरायचं जुनं कपाट, त्याची जी असेल ती. विकायला नेलंत तर नेण्याचं भाडंही सुटायचं नाही."

"वाट लावलीत, वहिनी!" भाऊजी एवढ्या मोठ्याने ओरडले की काचा हलल्या. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! निदान विचारायचं तरी!"

"कोणाला विचारायचं?" मी म्हटलं. "तुम्ही शिकायला बाहेर गेला होतात. ते अजून परत येताय."

"विनोद करू नका. घराची सगळ्यात भारी वस्तू तुम्ही मातीत घातलीत."

"घाण काढली. वस्तू समोर उभी आहे, आंधळे नसाल तर बघा."

मी पारख्यांकडे वळले. "मला एक सांगा साहेब. टेबलावर आम्ही कांदे टाकले, कोणी वळून बघितलं नाही, तर ते सोन्याचं झालं. आणि ह्याच्यावर रक्त आटवलं, तर हे मातीमोल? दुर्लक्ष करणाऱ्याला बक्षीस आणि करणाऱ्याला दंड, हा कुठला हिशेब?"

पारखी कसनुसे हसले. "बाजाराचा हिशेब तसाच असतो, बाई. मी तो केलेला नाही."

"बाजाराचाच कशाला," मी म्हटलं, "घरातही तोच आहे." आणि हे बोलले तेव्हा मी कपाटाबद्दल बोलत नव्हते, हे त्या खोलीत सगळ्यांना समजलं. बेबी खाली बघायला लागली. फोनवरून उशीची उंची सांगणारे भाऊजी मात्र खिडकीबाहेर बघत होते.

मग भाऊजींनी भावाकडे मोर्चा वळवला. "दादा, मी स्पष्ट बोलतो. नुकसान तुमच्या बाजूने झालंय. तेव्हा तुमचा पहिला नंबर ह्यात गेला असं धरू. टेबलाची पाळी माझ्यापासून सुरू."

हे काहीच म्हणाले नाहीत.

बोलली ती बेबी. "मीही घासलंय," ती म्हणाली.

"तू?"

"खालचं डावं दार. वहिनीची बोटं सोलली होती, म्हणून एक दुपार मी घासलं. आणि कोणासाठी घासलं रे ते? माझ्या सासूने त्या कपाटाकडे बघून म्हटलं होतं, माणसं नीटनेटकी दिसतायत. नुकसान भरून घ्यायचं तर माझाही नंबर काप. आणि आईचाही काप. ती रोज त्याच्याकडे तोंड करून जेवायला बसायची."

मला बेबीला मिठी मारावीशी वाटली. इतकी वर्षं मी तिला आईची लाडोबा समजत होते, आणि ती होतीही, पण त्या दुपारचं तिने लक्षात ठेवलं होतं.

भाऊजींना आता माघार घ्यायची होती, पण ती हत्तीवरून घ्यायची होती. ते घसा खाकरून उदारपणे म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. वहिनींचा एवढा जीव आहे त्या कपाटात, तर कशाला वाद? नंबरात धरायचंच नको. नाहीतरी जळणच आहे ते. वहिनींना देऊन टाकू."

ह्यांचा चेहरा उजळला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बघ, कपाट तर मिळालंच. आणि पहिला नंबरही आपलाच, म्हणजे टेबलही आपलं. हो म्हण."

हिशेबाने बोलायचं तर ते बरोबर होते. पडत्या फळाची आज्ञा म्हणून मी हो म्हणायला हवं होतं. नव्या स्वयंपाकघराचा ओटा मला दिसत होता. पण 'देऊन टाकू' हे माझ्या घशाखाली उतरेना. भिकाऱ्याला शिळं देऊन टाकतात. मोलकरणीला फाटकी साडी देऊन टाकतात. उद्या हे कपाट माझ्या घरात उभं राहणार, आणि भाऊजी दर वेळी चहा पिताना त्याच्याकडे बघून म्हणणार, हे आम्ही वहिनींना देऊन टाकलं. ह्या घरात मला आजवर जे काही मिळालं, ते असंच टाकलेलं मिळालं होतं. हेही तसंच घ्यायचं असेल, तर मग बोटं कशाला सोलून घेतली मी?

"नको," मी म्हटलं.

"नको?" भाऊजी गोंधळले. "आत्ता तर..."

"फुकट नको. जळण म्हणून नको. देऊन टाकलेलं तर मुळीच नको." माझा आवाज कापत होता, तो मी कापू दिला. "पाळीने उचलायचं ठरलंय ना? मग पाळीनेच उचलू. अहो, पहिला नंबर तुमचा आहे. आई तुमची, हक्क तुमचा. पण कपाट मी घासलंय. आता काय ते तुम्ही बोला, आणि सगळ्यांच्या देखत बोला."

पारखी टॉर्च उगाच चालू-बंद करत होते. हे अडगळीच्या खोलीच्या दाराकडे बघत होते. तिथून त्या गोल टेबलाचा एकच पाय दिसत होता. मग त्यांनी कपाटाकडे बघितलं, खालच्या दाराकडे, मग माझ्या हातांकडे. मला खरंच वाटलं की ते टेबल म्हणणार. म्हटले असते तर मी काय केलं असतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

"कपाट," हे म्हणाले. मग कोणी ऐकलं नसेल तर म्हणून पुन्हा, जरा मोठ्याने, "पहिल्या नंबराला आमचं कपाट. तिचं."

"दादा, वेड लागलंय का?" भाऊजी जवळजवळ विनवत होते. "अरे, मी ते फुकट देतोय!"

"तुम्ही देताय म्हणूनच नको होतं, भाऊजी," मी म्हटलं.

"पण ह्याला काही किंमतच नाही!"

"ती तुमच्या साहेबांनी सांगितली. आमची आम्ही आत्ता सांगितली, पूर्ण टेबलाएवढी. कमी वाटली का?"

पारख्यांनी मान खाली घातली. ते हसत होते की काय, ते दिसलं नाही. बेबी डोळे पुसत होती आणि पुसताना मला डोळ्यांनी दटावत होती, की तू हे काय करून बसलीस. मला माझं काहीही चुकल्यासारखं वाटत नव्हतं.

"आता तुमचा नंबर," मी भाऊजींना म्हटलं.

हक्क त्यांचा होता, नियम सगळ्यांनी मिळून केलेला होता, आणि अडवणारं कोणी नव्हतं. तरी त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मी वाट बघितली. ज्यांना कधी कसली लाज वाटली नाही, अशांना ती वाटायला जरा वेळ लागतो.

"टेबल," ते शेवटी पुटपुटले.

"मोठ्याने बोला, भाऊजी. साहेबांना लिहून घ्यायचंय."

"टेबल," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता अडगळीच्या खोलीत कांदे बाजूला करायला गेले.